मीटरवरचा आकडा विकत घेऊ नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत जुनी मोटारसायकल घेणाऱ्यांसाठी जो सल्ला छापून आला, त्यातलं एक वाक्य मला खटकलं. दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली तर कमी वर्षांची आणि कमी चाललेली घ्या, असं त्यात सरळ सांगून टाकलं होतं. मी नोकरीभर मेंटेनन्स फिटर होतो. रोज पाळीवर चालणारं मशीन कुरकुरतं, पण काम देतं. झाकून ठेवलेलं मशीन बटण दाबल्यावर काय काय बाहेर काढतं ते आम्हा लोकांना विचारा. मोटारसायकल काही वेगळी नाही.

माझ्या भाचीला गाडी घ्यायची होती आणि तिच्यासमोर नेमकं हेच कोडं होतं. एक गाडी सहा वर्षांची, मीटरवर सात हजार किलोमीटर, फ्युएल इंजेक्शन, पुढच्या चाकाला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. दुसरी नऊ वर्षांची, अठ्ठेचाळीस हजार चाललेली, कार्ब्युरेटरची, एबीएस नाही. इंजिनं दोन्ही दीडशे सीसीच्या आसपास. मागितलेल्या किमतीत बराच फरक आणि पहिलीवाला त्याचं समर्थन एकाच वाक्यात करत होता, "फक्त सात हजार चाललीय."

सहा वर्षांत सात हजार म्हणजे महिन्याला जेमतेम शंभर किलोमीटर. याचा अर्थ गाडी एक तर महिनोन्‌महिने उभी होती, नाही तर कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत होती. दोन्ही वाईट. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते. थंड इंजिनात तिचा काही भाग आत उतरतो आणि ऑइलमध्ये मिसळतो. इंजिन चांगलं तापलं की हे पाणी उडून जातं. दोन-चार मिनिटांच्या फेऱ्यांत ते तापतच नाही. ऑइल भरायचं झाकण उघडून आतून बोट फिरवावं. आम्ही फिरवलं, तर बोटाला दुधाळ, पिवळसर चिकटा आला. विकणारा म्हणाला, "पावसाळी हवा आहे ना!" हवेचा दोष नव्हता, इंजिनाला पुरता घाम कधी फुटलाच नव्हता.

आता कोणी म्हणेल, मीटर मागे फिरवलं असेल. तेही तपासलं. सात हजार चाललेल्या गाडीच्या पायदानाच्या रबरावरची नक्षी शाबूत असते, मुठीची रबरं गुळगुळीत झालेली नसतात, मागच्या ब्रेकचा पेडल बुटाने घासून चकाकत नाही. मीटर एक सांगतं आणि ही रबरं दुसरं सांगतात, तेव्हा रबरांवर विश्वास ठेवावा. इथे दोघांचं म्हणणं जुळत होतं. विकणारा खोटं बोलत नव्हता, आकडा खरा होता. म्हणूनच तर हे पत्र लिहायला बसलो.

टायरकडे या. टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते. तिच्या शेवटी लंबगोलात चार आकडे कोरलेले असतात. कधी ते एकाच बाजूला असतात, म्हणून टायर दोन्हीकडून बघावा. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १४१९ म्हणजे २०१९ सालचा चौदावा आठवडा. इ. स. २००० पासून ही चार आकड्यांची पद्धत आहे. पहिल्या गाडीचे दोन्ही टायर गाडीच्याच वयाचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक, विकणारा त्यावर अंगठा ठेवून दाखवत होता. भाचीने मोबाइलचा दिवा तिरका धरला तेव्हा खाचांच्या तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या. रबर चालवल्याने झिजतं आणि न चालवताही कडक होतं. ओल्या रस्त्यावर कडक रबराची पकड राहत नाही, मग नक्षी कितीही खोल असो.

पुढच्या शॉकअपच्या चकचकीत नळ्यांवर गंजाचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके होते. दिसायला किरकोळ गोष्ट. पण नळी खालीवर होते तेव्हा हेच ठिपके ऑइलसीलच्या ओठावरून घासत जातात. सील बदलून भागत नाही, नवं सीलही तसंच फाटतं. नळीचंच काम निघतं. ब्रेकच्या डबीतलं ऑइल चहाच्या रंगाचं झालेलं. हे ऑइल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही खात्री १५५ अंशांपर्यंत खाली येते. लांब उतारावर ब्रेक तापला, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे झाले की लिव्हर मऊ पडून मुठीला टेकतो. म्हणून गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. इथे ते कधी बदललेलंच दिसत नव्हतं. पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं, म्हणजे कॅलिपरचा, ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाचा, पिस्टनही जाम व्हायला लागलेला.

दुसरी गाडी बघायला गेलो तेव्हा मालकाला आधीच सांगितलं होतं, आम्ही येईपर्यंत चालू करू नका. हा आग्रह प्रत्येकाने धरावा. पहिल्या माणसाने "तुम्ही येणार म्हणून जरा चालू करून ठेवली" असं अगत्याने सांगितलं होतं. असल्या अगत्याला हात जोडावेत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावं. थंड इंजिन पहिल्या मिनिटात जेवढं बोलतं तेवढं नंतर दिवसभर बोलत नाही.

दुसरी गाडी चोक ओढून सुरू झाली. सायलेन्सरातून थोडी पांढरी वाफ आली आणि विरली. ती फक्त पाण्याची. टायमिंग चेन क्षणभर खुळखुळली आणि शांत झाली. टॅपेटची, म्हणजे झडपा उघडणाऱ्या भागांची, मंद टिकटिक होती. टिकटिक ऐकून लोक घाबरतात. माझं उलट आहे. हवेवर थंड होणाऱ्या जुन्या इंजिनाचं टॅपेट अजिबात वाजत नसेल तर मला शंका येते, कारण गॅप संपला की झडप पुरती बसत नाही, आणि न बसणारी झडप जळते. जास्तीची टिकटिक अर्ध्या तासाच्या कामात जाते. जळलेल्या झडपेसाठी हेड उतरवावं लागतं. मग गाडी गरम करून फिरवली. उतारावर अॅक्सिलरेटर सोडून थोडं जाऊ दिलं आणि एकदम पिळलं. त्या वेळी निळा धूर भसकन आला तर झडपांची सीलं गेली असं समजावं. सतत जोर लावताना निळा येत राहिला तर पिस्टनच्या रिंगांचा संशय घ्यावा. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तो बहुतेकदा स्वस्तात सुटतो. इथे काहीच आलं नाही. वरच्या गिअरमध्ये कमी वेगावरून एकदम पिळल्यावर इंजिनचा आवाज चढला आणि गाडी मागे राहिली, असंही झालं नाही. क्लच धरत होता.

इंजिन थोडं धुळकट होतं, ते मला आवडलं. ताजं धुतलेलं, पॉलिश मारलेलं इंजिन काहीच सांगत नाही. ऑइल झिरपतं तिथे धूळ चिकटून काळा थर होतो, ती गळतीची खूण असते. तसा थर कुठे नव्हता. दोष होते. डाव्या शॉकअपच्या नळीवर ऑइलची पातळ रेघ, पुढचा टायर संपत आलेला, आणि पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवलं की बरोबर मध्यावर हलकासा खाचेत अडकल्यासारखं व्हायचं. हँडल ज्या बेअरिंगांवर फिरतं तो कोनसेट झिजला की असं होतं. मी तोंड उघडायच्या आत मालकच म्हणाले, "कोनसेट बदलायला झालाय काका, किमतीत धरा." आणि त्यांनी एक शाळकरी वही पुढे केली. तारीख, मीटरचा आकडा, काय केलं. ऑइल दर तीन हजारांच्या आसपास. चेन आणि दोन्ही चक्रं एकदम बदललेली, नुसती चेन नव्हे. एके ठिकाणी "क्लच प्लेट, ४१,०००" आणि खाली वेगळ्या पेनाने "केबल पण". अशी वही खोटी लिहायला माणसाला कादंबरीकाराची चिकाटी लागेल.

चेनचं म्हणाल तर मागच्या चक्राच्या पाठीकडची चेन बोटांनी बाहेर ओढून बघावी. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर सेट संपला. दात एका बाजूला आकड्यासारखे वाकलेले असतील तर ओढायचीही गरज नाही.

माझ्या हिशेबात जुन्या गाडीचे दोष दोन जातींचे. टायर, चेनसेट, ब्रेक पॅड, बॅटरी, क्लच प्लेट, कोनसेट हे झिजायलाच जन्माला आलेले भाग. त्यांची यादी करायची, मेकॅनिककडून खर्च विचारायचा आणि किमतीतून वजा करायचा. त्यावर रुसायचं नाही. दुसऱ्या जातीत वाकलेली फ्रेम, खोलातून ठोके देणारा क्रँक, स्वतःहून सुटणारा गिअर आणि जुळत नसलेले कागद. यातलं एकही दिसलं तर किंमत विचारत बसू नये, घरी यावं. फ्रेमसाठी हँडलच्या मुळाशी, खालच्या बाजूला बघावं. हँडल पूर्ण वळल्यावर जिथे अडतं तो लोखंडी अटकाव चेपलेला असेल किंवा त्याच्या आसपासच रंग नवा असेल, तर गाडी समोरून कशावर तरी जोरात आदळलेली आहे. कागदांवरचे चेसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी एकेक अक्षर बोट ठेवून ताडावेत. बहुतेक देशांत चेसिस नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असतो आणि त्यात आय, ओ, क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, म्हणजे एक-शून्याचा गोंधळ होत नाही. गाडीवर कर्ज बाकी असेल तर कर्ज देणाऱ्याचं फेडल्याचं पत्र हातात आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

आमच्या घरात मात्र प्रश्न एवढ्यावर सुटला नाही. माझी ताई, म्हणजे भाचीची आई, एबीएसवर अडून बसली. आणि तिचं चूक नव्हतं. ओल्या रस्त्यावर घाबरून पुढचा ब्रेक दाबला तर चाक लॉक होऊन गाडी अंगाखालून निसटते. एबीएस ते टाळतं. कमी किलोमीटरपेक्षा हे कारण कितीतरी वजनदार आहे. पहिली गाडी बरी असती तर एवढ्या एका गोष्टीसाठी मीच तिच्या बाजूने बोललो असतो. शेवटी पुन्हा एकदा ती गाडी बघायला गेलो. भाचीने किल्ली फिरवली आणि मीटरकडे बघत म्हणाली, "मामा, तू सांगितलेला तो दिवा कुठाय?" किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा पेटायला हवा आणि गाडी थोडी चालल्यावर विझायला हवा. पेटून राहिला तर बिघाड आहे, हे सगळ्यांना कळतं. इथे तो पेटलाच नाही. एक तर दिवा मेला होता, नाही तर कोणीतरी तो मारला होता, आणि दोन्ही बाबतींत एबीएस चालतं की नाही हे कळायची वाट बंद. विकणाऱ्याला विचारलं तर तो पुन्हा तेच म्हणाला, सात हजारच चाललीय. ताई तिथल्या तिथे गप्प झाली. भाचीने दुसरी गाडी घेतली. कोनसेट, सील आणि पुढचा टायर किमतीतून वजा झाले, आणि वही तिने मागून घेतली.

आता आपल्याकडे एक मागणी. आपल्या छोट्या जाहिरातींत जुन्या दुचाकीपुढे मॉडेल, साल आणि किलोमीटर एवढंच छापून येतं. जाहिरातीचा मजकूर घेताना आणखी चार गोष्टी विचारून घ्या : टायरवरचे चार आकडे, ऑइल शेवटचं कधी बदललं, आजवर किती मालक, आणि इंजिन थंड असताना दाखवायची तयारी आहे का. सगळं मिळून एका ओळीत बसतं. त्या ओळीचे पैसे लावायचे तर लावा. ज्याला ती भरायची नसेल त्याची जागा कोरी छापा, म्हणजे वाचकाला फोन करण्याआधीच काय ते कळेल.

आपला,
एक निवृत्त फिटर