कण्यातल्या केमोनंतर घरी जाणाऱ्या मुलाच्या पालकांना एक लेखी कार्ड द्या : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय सादर.

महोदय,

रक्ताच्या कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांना पाठीच्या कण्यातून केमोचे इंजेक्शन देतात. क्वचित त्याचा मेंदूवर परिणाम होतो, आणि तो बहुधा मूल घरी गेल्यावर दिसतो. त्या वेळी पालकांना आणि जवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना काय माहीत असायला हवे, एवढ्याच विषयावर हे पत्र आहे.

हे इंजेक्शन आवश्यक आहे, हे आधीच नमूद करते. शिरेतून दिलेली बहुतेक औषधे मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी पोहोचत नाहीत आणि कॅन्सरच्या पेशी तिथे दडून राहतात. १९६०च्या दशकात, मेंदूसाठी असे वेगळे उपचार देण्याची पद्धत रुळण्यापूर्वी, निम्म्याहून अधिक मुलांमध्ये आजार मेंदूच्या वाटेने परत येत असे. पुढे डोक्याला रेडिएशन देऊ लागले, पण त्याने मुलांच्या बुद्धीवर आणि वाढीवर परिणाम होतो असे दिसल्यावर मेथोट्रेक्सेटसारखी औषधे थेट कण्यातून देण्यावर भर आला. माझी मुलगी आज शाळेत जाते, यात या इंजेक्शनाचाही वाटा आहे.

बहुतेक मुलांना पाठदुखी, डोकेदुखी किंवा उलट्या यापलीकडे त्रास होत नाही. काही थोड्या मुलांमध्ये मात्र मेथोट्रेक्सेटनंतर साधारण २ ते १४ दिवसांत अर्धांगवायूसारखी लक्षणे दिसतात. हात-पाय लुळा पडतो, बोलणे अडते, झटके येतात. कधी तासाभरात बरे वाटते आणि पुन्हा दुसऱ्या बाजूला तेच सुरू होते.

आमच्याकडे संध्याकाळी वरणभात खाताना मुलीच्या उजव्या हातातून चमचा सुटला. मी उचलून दिला, तो पुन्हा पडला. काय होतेय विचारल्यावर तिचे ओठ हलले, पण शब्द फुटेना. ऐरोलीहून जवळच्या रुग्णालयात नेले, तेव्हा पहिला प्रश्न आला की ती पडली होती का. सीटी स्कॅन केला, तो नॉर्मल आला. फाइलमध्ये ‘आयटी दिले’, म्हणजे कण्यातून औषध दिले, एवढेच लिहिलेले; औषध कोणते, किती, याचा उल्लेख नाही. ड्युटीवरच्या डॉक्टरांना दोष देण्याचे मला काहीच कारण नाही, कारण त्यांच्यापुढे माहितीच नव्हती. अशा वेळी सीटी स्कॅन नॉर्मल येऊ शकतो आणि बदल एमआरआयच्या डिफ्यूजन तपासणीत दिसतो, हे आम्हाला नंतर कळले. मुलगी सावरली. बहुतेक मुले सावरतात. पण ती रात्र आम्ही ज्या अज्ञानात काढली ते टाळता आले असते.

आम्ही किमान नवी मुंबईत तरी राहतो. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटांच्या कॅन्सर केंद्रात आणि परळच्या टाटा रुग्णालयात येणारी कितीतरी कुटुंबे इंजेक्शनानंतर जव्हारला, महाडला किंवा त्याहून लांब परततात. तिथे मुलाला झटका आला, तर त्याला पाहणारा डॉक्टर ग्रामीण रुग्णालयातला असेल आणि त्याने असा रुग्ण पूर्वी पाहिलेला नसेल.

म्हणून माझी मुख्य मागणी एका कार्डाची आहे. कण्यातून केमो देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने, सरकारी असो वा खासगी, घरी सोडताना मराठीत छापलेले कार्ड द्यावे. त्यावर औषधाचे नाव, मात्रा आणि तारीख असावी. कोणत्या लक्षणांवर तत्काळ यायचे, ते साध्या शब्दांत लिहावे. आणि रात्रीही उचलला जाईल असा फोन नंबर असावा. मागच्या बाजूला डॉक्टरांसाठी चार ओळी असाव्यात: हा त्रास मेथोट्रेक्सेटचा असू शकतो, नॉर्मल सीटीवर थांबू नये, कण्यातले पुढचे इंजेक्शन कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये, आणि भूल देताना नायट्रस ऑक्साइड हा वायू टाळावा, कारण त्याने या औषधाचा घातक परिणाम वाढतो. ठाण्याच्या जिल्हा रुग्णालयापासून तालुक्यापर्यंत आपत्कालीन विभागांना हीच माहिती परिपत्रकाने कळवावी, आणि अशा मुलाच्या तातडीच्या एमआरआयचा खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून व्हावा.

याच आदेशात आणखी दोन गोष्टी बंधनकारक कराव्यात. बेन्झिल अल्कोहोलसारखे, औषध टिकवण्यासाठीचे द्रव्य घातलेले मेथोट्रेक्सेट कण्यात द्यायचे नसते. औषधखरेदीत आणि वॉर्डात ते वेगळे ओळखू यावे. दुसरी गोष्ट व्हिंक्रिस्टीनची. हे केमोचे औषध फक्त शिरेतून देतात. चुकून कण्यात गेले तर रुग्ण वाचणे जवळजवळ अशक्य असते. ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीतून द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००७ सालीच बजावले आहे. राज्यातल्या प्रत्येक रुग्णालयात ते पाळले जाते का, याची तपासणी आपल्या खात्याने करून अहवाल जाहीर करावा.

कार्डाचा मजकूर बालकॅन्सरतज्ज्ञांनी ठरवावा. तो अंतिम करण्यापूर्वी पालकांना वाचून दाखवावा, म्हणजे कोणता शब्द समजत नाही ते तिथेच कळेल. त्या कामासाठी बोलावल्यास मी येईन.

आपली विश्वासू,
एक पालक
ऐरोली, नवी मुंबई