ढगांच्या माथ्यावरची वीज

लुंग्बी, डेन्मार्क

तीर्थरूप आबांना साष्टांग नमस्कार.

वळवात शेडवरचा बेदाणा भिजला नाही हे आईकडून कळले आणि जीव भांड्यात पडला. त्या रात्री तासगावातून पूर्वेकडे पुष्कळ विजा दिसल्या असे तुम्ही सांगितलेत, म्हणून येथे मी ज्या विजांचा अभ्यास करतो त्यांविषयी सविस्तर लिहितो.

एखादी जोरदार वीज ढगातील धनभार जमिनीत उतरवते, तेव्हा ढगाच्या वरही क्षणभर तीव्र विद्युतक्षेत्र निर्माण होते आणि ५० ते ९० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेतील नायट्रोजन लाल उजळतो. याला स्प्राइट म्हणतात. असे काही घडत असावे, हे सी. टी. आर. विल्सन यांनी १९२० च्या दशकातच मांडले होते. पहिले चित्र मात्र १९८९ मध्ये मिळाले, तेही मिनेसोटातील शास्त्रज्ञ दुसऱ्याच कामासाठी कॅमेरा तपासत असताना.

२०१८ पासून अवकाश स्थानकावर बसवलेले 'असिम' हे उपकरण सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून सरळ खाली पाहते. तेथून ढगातील वीज आणि तिच्या वरचा स्प्राइट एकाच रेषेत येतात, मग कोणता उजेड कोणाचा हे ओळखायचे कसे? तापलेल्या विजेतील ऑक्सिजनचा ७७७.४ नॅनोमीटरचा प्रकाश एक प्रकाशमापक टिपतो, तर दुसरा १८० ते २३० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश मोजतो. हा अतिनील प्रकाश ढगातून निघाला, तर वाटेतला ऑक्सिजन आणि ओझोन तो शोषून घेतात. त्यामुळे उपकरणापर्यंत जो पोहोचतो, तो बराच वर निर्माण झालेला असतो. ही निवड वातावरणच करून देते, आणि मला या कामातले हेच सर्वांत सुंदर वाटते. याच उपकरणाने २०१९ मध्ये नौरू बेटाजवळ ढगाच्या माथ्यातून सुमारे ५० किलोमीटरपर्यंत चढलेला निळा झोतही नोंदवला.

कल्पना चावला २००३ मध्ये ज्या कोलंबिया यानातून गेल्या, त्यातूनही स्प्राइटचे चित्रण झाले होते. अपघातापूर्वी त्यातला काही भाग पृथ्वीवर पाठवला गेला होता, म्हणून तो आज अभ्यासाला मिळतो. तो पाहताना मन भरून येते.

स्प्राइट काही मिलिसेकंदच टिकतो, त्यामुळे डोळ्यांना क्वचितच दिसतो. पण आपल्याकडे आभाळ निरभ्र असून सोलापूर-विजापूरकडे विजा होत असतील, तर धाकट्याला गच्चीवर कॅमेरा स्टँडवर लावून ढगांच्या बराच वर रोखून चित्रण सुरू ठेवायला सांगा. काही लाल दिसल्यास नेमकी वेळ लिहून ठेवावी, म्हणजे मी येथील नोंदींशी ती ताडून पाहीन.

आईस नमस्कार, धाकट्यास आशीर्वाद.

आपला,
सुहास