हरलेल्याला आधी घरी जाऊ द्या

मा. पालकमंत्री,
कोल्हापूर जिल्हा

साहेब, सप्रेम नमस्कार.

मी मंगळवार पेठेत राहतो. मैदानाकडून पेठेत येणाऱ्या रस्त्यावर माझं चहा-भडंगचं दुकान आहे. तरुणपणी नऊ वर्षं तालमीच्या फुटबॉल संघाचा गोल सांभाळला. उजव्या हाताची करंगळी तेव्हापासून वाकडी आहे, ती आता पेला धरताना बाहेर राहते. एवढी ओळख अशासाठी दिली, की हे पत्र फुटबॉलला वैतागलेल्या माणसाचं नाही हे आधी कळावं. वैतागलेल्यांची निवेदनं तुमच्याकडे पोचलीच असतील.

परवा उपांत्य सामना झाला. दोन्ही तालमींची नावं मुद्दाम लिहीत नाही. लिहिली, की वाचणारा ‘हा कुणाकडचा’ एवढंच बघतो आणि पुढचं पत्र वाया जातं. सामना टायब्रेकरवर गेला. मैदानात काहीही झालं नाही, हे नीट ध्यानात घ्या. पोरं जीव तोडून खेळली, पंचांच्या नावानं नेहमीचा शिमगा झाला आणि शेवटी खेळाडूंनी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकले. मी दुकानातच होतो. इतक्या वर्षांत गॅलरीच्या आवाजावरून मला निकाल कळतो. शेवटची किक बाहेर गेली, एका बाजूनं आरोळी उठली आणि दुसरी बाजू एकदम गप्प झाली. मी पोराला म्हटलं, गॅस बंद कर, शटर अर्धं ओढ.

त्यानंतरचं सगळं रस्त्यावर घडलं. हरलेले मान खाली घालून निघाले होते. जिंकलेले हलगीच्या तालावर नाचत त्यांच्या मागोमाग आले. दोघांची घरची वाट एकच. कुणीतरी सायलेन्सरची पुंगळी काढलेली मोटारसायकल मुद्दाम गर्दीच्या कडेनं नेली, कुणीतरी मोबाइल वर धरून ‘बघा, बघा’ म्हणून ओरडला. पहिली पाण्याची बाटली आली. मग चप्पल. मग रस्त्याच्या कामासाठी टाकलेल्या ढिगातली खडी. दहा मिनिटांत एका रिक्षाची काच गेली, भेळेची गाडी आडवी झाली. तिच्या मालकिणीचं फुटबॉलशी नातं एवढंच, की सामना असला तर दोन पैसे जास्त सुटतात. चिरमुरे रस्त्यावर सांडले होते आणि त्यावरून पोरं घसरत पळत होती.

त्या पळापळीत एक पोरगं शटरखालून सरपटत माझ्या दुकानात आलं. सतरा-अठरा वर्षांचं. समोरच्या पेठेतलं, अंगात हरलेल्या संघाचा टी-शर्ट. भडंगाच्या डब्यांमागं बसलं आणि टी-शर्ट काढून उलटा घालायला लागलं. उलटा घातला तरी रंग थोडाच लपतो? हात थरथरत होते, डोकं बाहीत अडकलं होतं. मी माझ्या पोराचा चौकड्याचा शर्ट काढून दिला. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. ‘कुठं आहेस?’ तर म्हणतोय, ‘मित्राच्या घरी.’ मग माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, बरोबर सांगितलंस. अर्ध्या तासानं माझा पोरगा त्याला गाडीवरून चौकापर्यंत सोडून आला.

दुसऱ्या दिवशी नेहमीचं ठरलेलं: अनोळखी चाळीस-पन्नास जणांवर गुन्हा आणि ‘फुटबॉल बंद करा’ अशी मागणी. या दोन्ही गोष्टींबद्दल मला बोलायचंय.

आधी बंद करण्याबद्दल. कोल्हापूरचा फुटबॉल संस्थानकाळापासूनचा. ज्या तालमींत पोरं लाल मातीत घुमली, त्याच तालमींनी पुढं चेंडूही धरला. म्हणून बाकी ठिकाणी क्लब असतात, आमच्याकडं तालीम मंडळ असतं. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं बाहेरच्याला संघांची वाटतात. आम्हाला ती पत्त्यासारखी आहेत. पोरगं कुठल्या तालमीचं, हे त्याचं घर कुठल्या गल्लीत यावरून ठरतं, आवडनिवड नंतर. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत आजोबा, बाप, नातू एका ओळीत बसतात, आता आया-बहिणीही येतात. नायजेरिया-घानाची पोरं इथं खेळायला आली, तर आमच्या म्हाताऱ्या त्यांना ‘खाल्लंस का रे’ म्हणून मराठीत विचारतात. २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील विश्वचषक झाला, त्यात देशाकडून खेळलेला अनिकेत जाधव या गावचा. हे बंद केलं, तर संध्याकाळी चार वाजता ही पोरं कुठं जातील, याचं उत्तर मागणी करणाऱ्यांनी आधी द्यावं. ईर्षा कुठं जाणार नाही. ती गणपतीच्या मिरवणुकीत निघेल, दहीहंडीला निघेल.

ईर्षा हा आमच्याकडं वाईट शब्द नाही. ‘ईर्षेनं खेळला’ म्हणजे मन लावून खेळला. पण गेल्या काही वर्षांत तिच्याबरोबर खुन्नस आली आहे आणि ती मैदानात तयार होत नाही. सामन्याच्या दोन दिवस आधी मोबाइलवर स्टेटस लागतात, जुन्या पराभवाचे व्हिडिओ गाणी लावून फिरतात, त्याला उत्तर म्हणून आईबहिणीवरून रील येतं. शिट्टी वाजण्याआधी भांडण अर्धं झालेलं असतं. उरलेलं अर्धं आपण रस्ता देऊन पूर्ण करतो.

रिकाम्या गॅलरीत किंवा एकाच बाजूचे प्रेक्षक घेऊन सामने खेळवा, असाही एक शहाणा सल्ला आहे. आमचं निम्मं गाव ज्या अर्जेंटिनासाठी रात्र जागवतं, तिथं २०१३ मध्ये पाहुण्या संघाच्या समर्थकांना मैदानात यायला बंदी घातली. मारामाऱ्या संपल्या नाहीत. समोर कुणी नाही म्हटल्यावर एकाच क्लबच्या टोळ्या आपसात भिडल्या. इंडोनेशियातल्या मलंगला तर १ ऑक्टोबर २०२२ रोजी पाहुण्या संघाचे समर्थक येऊच दिले नव्हते. घरचा संघ हरला, त्याचेच लोक मैदानात उतरले, पोलिसांनी अश्रुधूर सोडला, माणसं दारांकडं पळाली आणि अरुंद-बंद दारांत चेंगरली. १३५ मेली. जादा बंदोबस्त आणि जादा काठ्या हे उत्तर ज्यांना वाटतं, त्यांनी ती दारं आठवावीत. गर्दी मारामारीनं जेवढी मरत नाही, तेवढी वाट न मिळाल्यानं मरते.

आपल्याकडंही हे होऊन गेलंय. १६ ऑगस्ट १९८० रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात सोळा जण गेले. दोन्हीकडचे लोक एकाच गॅलरीत मिसळून बसले होते. मैदानात दोन खेळाडूंची झटापट झाली आणि ती वर चढली. दरवर्षी त्या तारखेला कोलकात्यात आजही रक्तदान होतं. पण त्याच कोलकात्यात ऑगस्ट २०२४ मध्ये मी टीव्हीवर वेगळंच बघितलं. डॉक्टर मुलीवरच्या अत्याचारानंतर शहर पेटलं होतं, पोलीस पुरणार नाहीत म्हणून ड्युरंड चषकातला या दोघांचा सामना रद्द केला. तर दोन्ही क्लबचे झेंडे घेऊन माणसं एकत्र स्टेडियमबाहेर आली, एकमेकांना खांद्यावर घेऊन न्याय मागत होती. शंभर वर्षांचं वैर असलेली माणसं. मी दुकानात गिऱ्हाईक विसरून बघत राहिलो.

असो. माझं मागणं तुमच्या हुद्द्याच्या मानानं फार साधं आहे. सामना संपला की हरलेल्यांना आधी बाहेर सोडा. जिंकलेल्यांना गॅलरीतच थांबवा. त्यांना थांबायला कारण आहे! हलगी आत वाजू दे, खेळाडूंना त्यांच्या गॅलरीसमोर आणा, गुलाल काय तो तिथंच उधळू दे. वीस-पंचवीस मिनिटं. हरलेला माणूस वीस मिनिटांत पेठेत पोचतो, कट्ट्यावर बसतो, पंचाला शिव्या घालतो आणि मोकळा होतो. त्याच्या कानाशी हलगी वाजली नाही तर तो दगड उचलत नाही. हे मी खात्रीनं सांगतो, कारण मीही एकदा उचललाय. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो, तीन गोल खाल्ले होते आणि समोरच्यांनी माझ्या नावानं पाळणा म्हटला होता. तो दगड गर्दीत गेला. कुणाला लागला ते आजवर मला कळलं नाही.

दुसरं, विजयी मिरवणूक. तिचा रस्ता सामन्याआधी लिहून घ्या आणि समोरच्या तालमीच्या दारावरून ती जाणार नाही, एवढं बघा. रस्त्याकडेची खडी, विटा, बांबू सामन्याच्या दिवशी सकाळी उचलायला महापालिकेला सांगा. हसू नका, साहेब. परवाची खडी तिथं आठवडाभर पडून होती.

आता गुन्ह्यांबद्दल. ‘अनोळखी चाळीस-पन्नास’ हा आकडा फार सोयीचा असतो. व्हिडिओत जो दिसेल तो त्यात बसतो. दगड मारणारा तोंडाला रुमाल बांधून असतो, मधे पडून सोडवणाऱ्याचा चेहरा मात्र स्वच्छ येतो. आमच्या पेठांतली निम्मी पोरं पहाटे उठून भरतीसाठी पळतात. पोलीस, सैन्य, राज्य राखीव दल. दंगलीचं कलम एकदा लागलं, की चारित्र्य पडताळणीच्या कागदावर त्या पोराचं आयुष्य अडकतं. आधी ते भारतीय दंड संहितेचं होतं, १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं आहे. पोराच्या बापाला त्यात काही फरक पडत नाही. तारखांना मात्र तोच येतो, रोजगार बुडवून. मी कुणाला सोडून द्या म्हणत नाही. ज्यानं काच फोडली त्याला शोधा, नुकसान भरून घ्या, दोन हंगाम त्याला गॅलरीचं तोंड बघू देऊ नका. इंग्लंडमध्ये न्यायालय असं त्या एका माणसाला मैदानबंदी करतं. आपल्याकडं तालमीला बंदी होते आणि दगड मारणारा पुढच्या सामन्याला दुसऱ्या तालमीच्या गॅलरीत बसतो. प्रत्येक तालमीतल्या वडीलधाऱ्यांना आपले खरे हुल्लडबाज कोण ते नावानिशी ठाऊक असतं. मलाही आमच्याकडचे ठाऊक आहेत. आम्ही बोलत नाही, हा आमचा दोष.

आणि आम्ही का बोलत नाही, तेही सांगतो. रात्री पोरं पकडली गेली, की त्यांना सोडवायला फोन येतो. फोन कुणाचा ते तुम्हाला सांगायची गरज नाही. निवडणूक जवळ असली तर दोन्ही बाजूंनी येतो. आमचे कितीतरी चषक कुणा ना कुणा नेत्याच्या नावानं भरतात, बक्षिसांचे आकडे फलकावर चेंडूपेक्षा मोठे असतात. त्याबद्दल तक्रार नाही. पैसा लागतोच, बूटही फुकट येत नाहीत. पण ज्याच्या फोटोखाली पोरं नाचतात, त्यानं एकदा तरी ‘याला सोडवायला मी फोन करणार नाही’ असं माइकवर म्हणावं. तुम्ही म्हणाल का?

अंतिम सामन्याला तुम्ही येणार असं फलकावर छापलंय. बक्षीस देऊन झालं की तुमची गाडी मागच्या बाजूनं काढतील, रस्ता मोकळा करून. त्या दिवशी तसं करू नका. गर्दी सुटते तेव्हाच बाहेर या आणि माझ्या दुकानापर्यंत चालत या, पाच मिनिटांचा रस्ता आहे. चहा माझ्याकडून. शटर अर्धं खाली असेल, वाकून यावं लागेल.

तो चौकड्याचा शर्ट परत आलाय. धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात गुंडाळून त्या पोराच्या आईनंच आणून दिला. काही बोलली नाही, पाव किलो भडंग घेऊन गेली. पोरगा शर्ट मागतोय, पण मी तो गल्ल्यावरच्या फळीवर ठेवलाय. अंतिम सामना होईपर्यंत राहू दे तिथं.

आपला,
मंगळवार पेठेतला एक जुना गोलकीपर