नगर अभ्यासातून महापालिकाच गायब

माझी मुलगी पदवीला नगर अभ्यास हा विषय शिकते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे क्षेत्र प्रकल्पाला श्रेयांक मिळू लागले, याचा आनंद आहे. पण तिच्या महाविद्यालयाने अभ्यासक्रम बदलताना स्थानिक स्वराज्य संस्थांचा पेपर ऐच्छिक केला आणि जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे करून अभ्यासण्याचे तंत्र, सक्तीचे केले. नकाशे यायलाच हवेत, त्याबद्दल वाद नाही. मात्र नगरपालिका-महापालिकांना घटनात्मक दर्जा देणारी १९९२ची ७४वी घटनादुरुस्ती, त्यांच्याकडे सोपवता येणारे राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, प्रभाग समिती, पालिकेचे अंदाजपत्रक हे न शिकता शहर कसे कळणार? २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रातले सुमारे ४५ टक्के लोक शहरांत राहतात. पुण्यात २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. तिथल्या पाण्याचा, सांडपाण्याचा, मिळकतकराचा प्रश्न उपग्रहाच्या चित्रात दिसत नाही. त्यासाठी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन कागद मागावे लागतात, रहिवाशांशी बोलावे लागते. आणि विकास आराखड्यावर हरकती कशा नोंदवायच्या, हे तर प्रत्येक विद्यार्थ्याला यायलाच हवे. विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाने हा पेपर पुन्हा अनिवार्य करावा आणि क्षेत्र प्रकल्प एखाद्या प्रभागाशी जोडावा, ही कळकळीची विनंती.

– एक पालक, पुणे