ऑइल विकायला बसलेल्या ताईंनी ऑइल विकलं नाही, त्याबद्दल आभार

ताई, नमस्कार,

तुमचं नाव आणि दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला आवडणार नाही ते. शिवाजी उद्यमनगरात ऑइलच्या काउंटरवर बसणाऱ्या ताई एवढं म्हटलं तरी कोल्हापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळतंय. पण आभार उघडच मानायचे होते, कारण जुनी पेट्रोल गाडी घेऊन "ऑइल खातीय ओ" म्हणत हिंडणारे माझ्यासारखे लई लोक आहेत आणि त्यांना दोनच सल्ले मिळतात, एक म्हणजे रिंग पिस्टन गेले इंजिन खोला, आणि दुसरा म्हणजे २०डब्ल्यू५० म्हणजे जाड ऑइल टाका सगळं गप होतंय. मलाही तेच दोन मिळाले होते आणि पहिल्याचा खर्च ऐकून मी तुमच्या दुकानात आलो होतो, सगळ्यात भारी फुल्ली सिंथेटिक कुठलं ते द्या म्हणून.

गाडी २०१२ ची, वडिलांची, लाखाच्या बरीच पुढं पळालेली, आणि दीड हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल कुठंतरी गायब. खाली थेंब नाही. तुम्ही डबा काढलाच नाही. विचारलं काय तर धूर कधी मारते, चढाला का उताराला. मला वाटलं ह्या टाइमपास करतायत, कारण तोवर हा प्रश्न मला एकाही गॅरेजवाल्यानं विचारला नव्हता, सगळे सायलेन्सरला बोट लावून काळं बघायचे आणि मान हलवायचे.

माझं रत्नागिरीला सारखं जाणं येणं असतं म्हणून मी सांगितलं की आंबा घाट उतरून साखरप्याकडं निघालो आणि पाय दिला की मागं निळसर धूर येतो, मग थांबतो, आणि सकाळी स्टार्टलापण जरासा येतो. तुम्ही लगेच म्हणालात मग रिंगांच्या आधी वॉल्व्ह सील बघायला पाहिजेत. का ते पण समजावून सांगितलंत, आणि तेही समोर दोन गिऱ्हाईकं उभी असताना. घाट उतरताना पाय उचललेला असतो, थ्रॉटल बंद, इंजिन फिरतंय, त्यामुळं आत जबरदस्त ओढ तयार होते आणि वॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील कडक झालं असेल तर वरचं ऑइल त्या फटीतनं खाली ओढलं जातं, मग पाय दिला की ते जळतं. रात्रभर गाडी उभी राहिली तरी तेच, थेंब थेंब खाली उतरतं आणि सकाळी पहिल्या स्टार्टला धूर. रिंग गेल्या असत्या तर चढाला, लोडवर, सलग धूर मारला असता. आता हे वाचून कुणी म्हणेल एवढं काय त्यात, पण माझे पन्नासेक हजार या एका प्रश्नानं वाचलेत.

मग तुम्ही मला रिकाम्या हातानं परत पाठवलंत. म्हणजे रिकाम्या नाही, एका कागदावर लिहून दिलंत आधी काय काय बघायचं. सकाळी गार इंजिनवर, सपाट जागेवर गेजपट्टी बघायची आणि किलोमीटरसकट वहीत लिहायचं, कारण उताराला लावलेल्या गाडीची पट्टी काहीपण दाखवते. मॅक्सच्या वर भरायचं नाही, जास्त भरलं तर क्रँक त्यात आपटून फेस करतो आणि ते ब्रीदरच्या नळीतनं इनटेकला, म्हणजे हवा आत घेणाऱ्या बाजूला, जाऊन जळतं, म्हणजे ऑइल खाते म्हणून जास्त भरा आणि जास्त भरलं म्हणून अजून खाते. टॅपेट कव्हरचं गॅस्केट, फिल्टर, ड्रेन बोल्टचा वायसर, क्रँकचं सील सगळं पुसून घ्यायचं आणि दोन दिवसांनी परत बघायचं. आणि पीसीव्ही वॉल्व्ह. हा शब्द मी तुमच्याकडंच पहिल्यांदा ऐकला. इंजिनातली वाफ परत इनटेकला नेणारा तो बारका वॉल्व्ह, काढून कानाशी हलवला तर खडखड वाजायला पाहिजे, माझा वाजलाच नाही, काजळीनं उघडाच अडकून बसला होता आणि इंजिन त्यातनं चोवीस तास ऑइलचं धुकं ओढत होतं. काही शेकड्यात येणारा पार्ट. तो बदलल्यावर खप तिथंच बराच खाली आला, अजून ऑइलचा प्रश्नच आला नव्हता!

कॉम्प्रेशन टेस्टपण करून घे म्हणालात, कोरडी आणि मग प्रत्येक सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून परत. ऑइल सोडल्यावर आकडा उडी मारून वाढला तर रिंग ढिल्या. माझा जरासाच वाढला. मेकॅनिकचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता पण ते जाऊ दे.

आता मुख्य मुद्दा, ऑइल. दुसऱ्यांदा आलो तेव्हा तुम्ही मॅन्युअल घेऊन ये म्हणाला होता, मी कपाटातनं शोधून आणलं, आणि त्यात तापमानाच्या तक्त्यात ५डब्ल्यू३० बरोबर तापल्यावर जरा जाड राहणारं ५डब्ल्यू४० पण चालतं असं लिहिलेलं होतं. इतकी वर्षं गाडी घरात होती आणि ते पान कुणी उघडलंच नव्हतं. तुम्ही म्हणालात ग्रेड त्या तक्त्याच्या आतलाच घ्यायचा, आणि २०डब्ल्यू५० का नको तेही सांगितलंत, की या इंजिनात ऑइलच्या प्रेशरवर चालणारं वॉल्व्ह टायमिंग आहे, बारीक नळ्या आहेत, जाड ऑइल सकाळी वर पोचायला वेळ लावतं, तेवढा वेळ कॅमशाफ्ट कोरडा घासतो, आणि मायलेज पडतं ते वेगळंच.

पण ग्रेड सारखा असला तरी डबे सारखे नसतात हे मला खरंच माहीत नव्हतं. तुम्ही नोआक सांगितलंत. ऑइल २५० डिग्रीला तासभर तापवायचं आणि वजन किती टक्के उडालं ते मोजायचं, तो आकडा. पातळ ग्रेडना एपीआय एसपी वगैरे अमेरिकेच्या दर्जांत १५ टक्क्यांपर्यंत चालतं, युरोपच्या एसीईएच्या ए३/बी४ दर्जात १३ च्या वर चालत नाही, आणि चांगल्या बेस ऑइलची, म्हणजे ज्यात बाकीची औषधं मिसळतात त्या मूळ तेलाची, काही ऑइलं ८-९ च्या घरात असतात. म्हणजे जे ऑइल आपल्याला जळालं वाटतं त्यातलं थोडं चक्क उडून जातं, पिस्टनच्या रिंगांपाशी, आणि मग पीसीव्हीतनं इनटेकला. हलकं ऑइल आधी उडतं आणि मागं राहिलेलं घट्ट होतं. दुसरा आकडा एचटीएचएस, १५० डिग्रीला जोरात घासाघाशी चालू असताना ऑइलचा थर किती जाड राहतो तो. ए३/बी४ ला किमान ३.५ लागतो, ए५/बी५ ला २.९ ते ३.५ च्या मधे, ते मायलेजसाठी मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं आणि नव्या इंजिनात छानच आहे, पण झिजलेल्या इंजिनात, मॅन्युअल परवानगी देत असेल तर, ए३/बी४ वालं ५डब्ल्यू४० बरं. हे दोन आकडे डब्यावर ठळक कधीच नसतात, एचटीएचएस कंपनीच्या डाटा शीटमध्ये मिळतो, नोआक बऱ्याच कंपन्या तिथंही देत नाहीत, म्हणून तुम्ही म्हणालात डब्याच्या मागची बारीक ओळ वाच, ए३/बी४ लिहिलंय म्हणजे १३ च्या आत आहे एवढं तरी नक्की. पुढच्या सोनेरी रंगाकडं आणि रेसिंग कारच्या फोटोकडं बघून काय उपयोग नाही. फुल्ली सिंथेटिक लिहिलेल्या डब्यात पण ग्रुप ३ चं, म्हणजे खनिज तेलच हायड्रोक्रॅकिंग करून साफ केलेलं बेस ऑइल असू शकतं आणि पीएओ म्हणजे कारखान्यात रसायनांपासून बनवलेलं ग्रुप ४ चं पण असू शकतं, आणि ग्रुप ३ म्हणजे वाईट असंही नाही, तयार झालेल्या ऑइलचा आकडा बघायचा.

मी विचारलं होतं की नुसतं टॉप अप करत चालवलं तर काय बिघडतं, स्वस्तातलं टाकत राहीन. तुम्ही म्हणालात ऑइलमध्ये झिजेविरुद्ध जे औषध असतं त्यात फॉस्फरस असतो, तो जळून सायलेन्सरच्या लाइनीतल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतो, आणि तो कन्व्हर्टर बदलायची वेळ आली की मग हिशोब कर. हिशोब केला. गप्प बसलो.

आणि इंजिन फ्लश! तो डबा तुमच्याच शेल्फवर होता, मीच मागितला, तुम्ही म्हणालात या इंजिनाला नको, आत किती गाळ बसलाय माहीत नाही, एकदम सुटला तर चेंबरमधल्या, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीतल्या, जाळीत जाऊन अडकेल आणि प्रेशर पडेल. त्यापेक्षा चांगलं ऑइल टाक आणि पहिले दोन बदल पाच हजारालाच कर, डिटर्जंट हळूहळू रिंगांच्या खाचा साफ करतं. दुकानदार स्वतःच्या शेल्फवरचा माल नको म्हणतोय हे मी पहिल्यांदा बघितलं ओ.

झालं काय शेवटी ते पण लिहितो, नाहीतर लोकांना वाटेल जादूचा डबा मिळाला. पीसीव्हीनं बराच फरक पडला, ५डब्ल्यू४० नं अजून थोडा, पण घाटाचा निळा धूर काही जाईना. ऑइल काय करणार, कडक झालेलं रबर त्यानं मऊ थोडंच होतंय, फार तर जरा फुगवता येतं म्हणे हाय मायलेजवाल्या, म्हणजे लई पळालेल्या गाड्यांसाठीच्या, ऑइलनं, तेवढंच. मग वॉल्व्ह सील बदलून घेतले. हेड न उतरवता, स्पार्क प्लगच्या भोकातनं सिलेंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा भरून वॉल्व्ह वर धरून ठेवायचे आणि वरनंच सील काढायचे, हे करणारा मेकॅनिक पण तुम्हीच सांगितलात, नाहीतर हेड उतरवायला लोक टपलेलेच होते. आता पाच हजाराला अर्धा लिटरसुद्धा लागत नाही. एवढं तर काही कंपन्या नव्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये हजार किलोमीटरला चालेल म्हणून लिहितात!

नंतर वाचनात आलं की अमेरिकेत टोयोटाच्या २.४ लिटरच्या २एझेड-एफई इंजिनाचं पण असंच होतं, ऑइल खाण्याच्या तक्रारी इतक्या आल्या की कंपनीनं पिस्टन आणि रिंगा बदलून द्यायची सोय केली. म्हणजे डिझाइनमधेच गडबड असेल तर कुठलंच ऑइल वाचवत नाही, तुमचं "आधी जातंय कुठं ते बघ" हेच खरं.

तुम्ही हे सगळं शिकलात कुठं विचारलं तर म्हणालात गिऱ्हाईक परत आलं की डब्यामागची ओळ वाचायलाच लागते. एवढंच. माझ्याकडनं तुम्हाला त्या पहिल्या दिवशी एक रुपया मिळाला नव्हता, उलट तुमचा अर्धा तास गेला, आणि चहा पण तुम्हीच पाजलात.

खूप खूप आभार ताई. आणि एक काम आहे. माझा मेहुणा इचलकरंजीहून पुढच्या आठवड्यात येतोय, त्याची बीएस६ डिझेल आहे, डीपीएफवाली, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असलेली, त्याला कुणीतरी सांगितलंय माझ्यासारखंच ए३/बी४ टाक म्हणून. मी त्याला सांगितलं की तुझ्या मॅन्युअलात एसीईएचाच सी३ दर्जा लिहिलाय, राख कमी करणारा, साधं ऑइल जळलं की राख डीपीएफमध्ये साठत जाते आणि ती काजळीसारखी जळून जात नाही, पण तो माझं कुठं ऐकतोय. त्याची पट्टी उलटी वर चढतीय म्हणतो, म्हणजे डिझेल उतरत असणार ऑइलमध्ये, ते तुम्हीच बघा. घासाघीस करेल भरपूर. डिस्काउंट देऊ नका.

तुमचा,
वहीत किलोमीटर लिहिणारा गिऱ्हाईक