टाळ वाजतच राहिले तेव्हा

महोदय,

बारावी वाणिज्यच्या मुलांना व्यवस्थापनाची कार्ये हा धडा मी बावीस वर्षे शिकवला. नियोजन, संघटन, कर्मचारी व्यवस्थापन, निर्देशन, समन्वय, नियंत्रण. व्याख्या मुले घडाघडा म्हणत. पण नियंत्रणाचे उदाहरण विचारले की उत्तर ठरलेले : उशिरा येणाऱ्याचा पगार कापणे. ते मनाला फार लागायचे, कारण आम्ही शिकवलेच तसे होते.

निवृत्तीनंतर मी माउलींच्या पालखीसोबत चालू लागले. आमच्या दिंडीच्या भिशीची, म्हणजे सामूहिक जेवणखाणाच्या व्यवस्थेची, वही माझ्याकडे असते. माणसे किती, तांदूळ किती, तंबू कोणी ठोकायचे, ट्रक पहाटे कितीला पुढे काढायचा, सगळे महिनाभर आधी त्या वहीत उतरते. एका वर्षी दिवेघाट चढून सासवडला पोचलो तर प्यायला पाणी नाही. टँकर भरून आणायला दोघांना सांगितले होते आणि दोघांनाही वाटले, दुसरा बघतोय. तेव्हापासून वहीत एका कामापुढे एकच नाव असते.

पण सांगायचे आहे ते समाजआरतीचे. संध्याकाळी तळावर सगळ्या दिंड्या टाळ वाजवत उभ्या असतात. सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार दंड उंच करून आरोळी देतात आणि क्षणात सगळे टाळ बंद होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, तिचे मात्र वाजतच राहतात. चोपदार तिच्यापाशी जातात, ऐकून घेतात, तिथेच तोडगा काढतात. मग हरवले-सापडल्याचा पुकारा, उद्या निघायची वेळ आणि आरती.

एकदा आमचे टाळ थांबले नाहीत. आमच्या जागेवर दुसऱ्यांचे तंबू लागले होते. एवढ्या शांततेत आपलाच टाळ वाजतोय म्हणून माझे हात थरथरत होते. चोपदारांनी रागावण्याचा एक शब्द काढला नाही. पुढच्या मुक्कामी आमची जागा आम्हाला मिळाली.

फ्रान्समधले खाण अभियंते हेन्री फेयॉल यांनी 1916 साली नियंत्रणाबद्दल हेच लिहिले आहे : चुका दाखवायच्या त्या दुरुस्त व्हाव्यात आणि पुन्हा होऊ नयेत म्हणून. त्यांनी डबघाईला आलेली खाण कंपनी सावरली होती, त्यांचे बोल अनुभवाचे होते. मी नोकरीला होते तिथे तक्रारपेटी होती. तिची किल्ली कोणाकडे, हे बावीस वर्षांत मला कळले नाही.

बारावीचे वर्ग जूनमध्ये सुरू होतात, वारीही त्याच सुमाराला निघते. लोणंद, फलटण, माळशिरस, वेळापूर या वाटेवरच्या महाविद्यालयांतील शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे, की प्रकल्पासाठी मुलांना एक संध्याकाळ समाजआरतीला उभे करा. आमच्या दिंडीची वही कोणालाही बघायला मिळेल.

– एक निवृत्त शिक्षिका, बार्शी