सही करण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या नावाने दुकान चालवायला घ्यायच्या फ्रँचायझीच्या फीचे पैसे जमले, आता फक्त सही उरली, हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. सही थोडी थांबव.

फी भरली की नुसतं दार उघडतं. जागेची अनामत, कंपनीने नेमलेल्या ठेकेदाराकडूनच करायची सजावट, यंत्रं, पहिला माल, परवाने हे तू धरलं असशीलच. मला नडली ती रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याबद्दल कंपनीला सतत द्यायचा वाटा. ती विक्रीवर असते, नफ्यावर नाही. समज, शंभराच्या विक्रीत सगळं वजा जाता पंधरा उरले. त्यातले सहा रॉयल्टीत आणि दोन जाहिरात निधीत गेले, तर तुला सात. तोट्याच्या महिन्यातही ते आठ द्यावेच लागतात. माझ्या खात्यातून दर सोमवारी सकाळी ही रक्कम परस्पर वळती व्हायची. मोबाइल वाजला की पोरांचे पगार कसे भागवायचे, हेच डोक्यात यायचं.

शिवाय माल त्यांच्याच पुरवठादाराकडून घ्यायचा, बाहेर स्वस्त मिळाला तरी.

पण सगळ्यात जपून बघ ते खेळतं भांडवल, म्हणजे जम बसेपर्यंत रोजचा खर्च भागवायला लागणारा पैसा. अमेरिकेत कंपनीला सहीच्या किंवा पैसे घेण्याच्या किमान 14 दिवस आधी 23 मुद्द्यांचं माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात सातव्या मुद्द्यात सुरुवातीच्या खर्चाचा अंदाज असतो, तोही बहुधा पहिल्या तीन महिन्यांपुरता. माझा जम बसायला दीड वर्ष गेलं. घरखर्च मी धरलाच नव्हता. मुलीच्या शिक्षणाची ठेव मोडावी लागली. ते अजून मनाला लागतं रे.

त्याच पत्रकात फ्रँचायझी सोडून गेलेल्यांची यादीही असते. तशी यादी तुझ्या कंपनीकडे माग, आणि त्यातल्या दोघांशी तरी बोल. सध्या दुकान चालवणारे मोकळेपणाने सांगतीलच असं नाही.

करारात मुदत संपल्यावर तो पुढे चालू ठेवायचं शुल्क, दुसऱ्याला विकताना द्यायचं शुल्क, दुकानाचं रूप बदलायला सांगितलं तर तो खर्च कुणाचा, हे शोध. वैयक्तिक हमीचं कलम तर दोनदा वाच. ते असलं तर दुकान बंद झालं तरी देणं घरापर्यंत येतं.

मसुदा मला पाठव. रविवारी येतो, वही घेऊन बसू. तू मनात धरलेल्या विक्रीच्या निम्मीच लिहू आणि किती महिने तग धरता येतो ते बघू.

तुझाच,
जुना सोबती